सदतीस हल्ले, एक अध्यक्ष

१२ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. इतिहास घडत असताना कुणीतरी टिपून ठेवलेला बरा, आणि आमच्या तळघरात माझ्याइतकं सुवाच्य अक्षर कुणाचं नाही. (तळघरात मी एकटाच बसतो. पण तो मुद्दा वेगळा.)

घडलं ते असं. दुपारी जिन्यात संचालकसाहेब भेटले. मागून मातीवाली येत होती. मातीवाली म्हणजे माती प्रयोगशाळेसाठी प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी. मुलगी कसली, बत्तीस वर्षांची आहे, पण माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. तिचं कंत्राट ३१ मार्चला संपतंय. मातीतला ओलावा मोजणारा तिचा प्रोग्रॅम नऊ लॅब वापरतात, तरी तिला कायम करता येत नाही. कारण संस्थेच्या अधिकृत पदांच्या यादीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं पदच नाही. माझंही तेच. एकोणीस वर्षं दुर्बीण विभागाचा प्रत्येक प्रोग्रॅम मी लिहिला आणि कागदोपत्री मी तांत्रिक सहायक, श्रेणी दोन. वाईट वाटतं. रोज नाही, पण वाटतं.

साहेब म्हणाले, तुमच्यासारखे इथे तुम्ही दोघंच ना? मी म्हटलं, छे, पुष्कळ आहेत. म्हणाले, किती? म्हटलं, भरपूर. साहेब हसले. म्हणाले, १६ मार्चपर्यंत पंचवीस नावं दाखवा, संघटित आहात असं दिसू द्या, मी कायमचं एक पद नियामक मंडळापुढे ठेवतो. नाहीतर हिचं काम ज्याला वेळ असेल त्याच्याकडे जाईल.

मातीवाली लगेच म्हणाली, सर, मी उद्यापासून वही घेऊन लॅब-लॅब फिरते, आठवड्यात होऊन जाईल. मी तिला थांबवलं. वही घेऊन फिरायला आपण काय जनगणना करतोय? आपण सॉफ्टवेअरची माणसं. काहीतरी टिकाऊ उभं करू. जबाबदारी माझी. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग बरं म्हणाली. नजरेत पूर्ण विश्वास होता.

१३ जानेवारी

नाव ठरलं. संशोधन सॉफ्टवेअर अभियंता महामंडळ. तीन तास लागले, त्यातले दोन 'महा' ठेवायचं की नाही यात गेले. बायकोने विचारलं, सदस्य किती? मी म्हटलं, आधी महा होऊ दे, मग सदस्य. ती म्हणाली, उलटं असतं बहुतेक. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिचा संघटनशास्त्राशी संबंध नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

मातीवाली आली होती. तिची सूचना: दुसऱ्या मजल्यावरच्या पँट्रीत दर गुरुवारी चारला चहा ठेवायचा, दारावर चिठ्ठी लावायची की जो कोणी कामासाठी कोड लिहितो त्याने यावं, अडलेलं घेऊन यावं. बस्स.

मी तिला समजावलं. चहा वीस मिनिटांत गार होतो, घटना शंभर वर्षं टिकते. तिला पटलं असावं, कारण ती घड्याळ बघून निघाली.

१८ जानेवारी, रविवार, सकाळी ७.२०

बायको फिरायला गेली. इमारतीतल्या अकरा-बारा जणी मिळून जातात. नऊ वर्षं झाली. ती निघताना मी सहज विचारलं, तुमची अध्यक्ष कोण? म्हणाली, अध्यक्ष कशाला, चालायचं असतं. मी म्हटलं, हवी असेल तर घटना लिहून देतो. तिने बूट घातले आणि दार ओढून घेतलं. अशाने कसं टिकणार यांचं.

२२ जानेवारी

घटना पूर्ण. चौदा पानं, एकोणसाठ कलमं. अध्यक्षाची मुदत पाच वर्षं, सदस्यांच्या आग्रहाखातर आणखी पाच. आग्रह किती जणांनी केला म्हणजे आग्रह, हे कलम ४१ मध्ये आहे. उपाध्यक्षपद मातीवालीसाठी राखून ठेवलंय, तिला अजून सांगितलं नाही. माणसाने काही गोष्टी योग्य वेळेसाठी ठेवाव्यात.

दुर्बिणीवाल्या प्राध्यापकबाईंनी दोनदा फोन केला. चित्रं साफ करणारा प्रोग्रॅम बंद पडलाय म्हणे. सांगितलं, सोमवारी.

२७ जानेवारी

आता नोंदणी. त्यासाठी ऑनलाइन फॉर्म स्वतः लिहितोय. तयार फॉर्म मिळतात, पण ज्यांचा धंदाच सॉफ्टवेअर त्यांनी तयार फॉर्म वापरायचा म्हणजे सुताराने दुसऱ्याच्या खुर्चीत बसण्यासारखं आहे.

सगळी चोख व्यवस्था केली आहे. फॉर्ममध्ये आपलं पद लिहायचं. त्यावर दोन अटी. पहिली, लिहिलेलं पद आस्थापना विभागाच्या अधिकृत यादीत असलंच पाहिजे, म्हणजे कुणी उपटसुंभ घुसणार नाही. दुसरी, पदात सॉफ्टवेअर हा शब्द असलाच पाहिजे, म्हणजे माळी, ग्रंथपाल वगैरे मंडळी चुकून येणार नाहीत. तीनदा चुकलं की तो कॉम्प्युटर कायमचा ब्लॉक, आणि त्याची हल्लेखोर म्हणून नोंद.

आस्थापनेने यादी पाठवली. दोनशे बारा पदं. त्यात घोड्यांच्या देखभालीसाठी एक पद आहे. संस्थेत घोडा नाही. यादी फार काळजीपूर्वक वाचली नाही, पण सगळी उतरवून घेतली.

२ फेब्रुवारी, सोमवार

ऐतिहासिक दिवस. सकाळी नऊला फॉर्म खुला केला आणि महामंडळाच्या, उत्तरं न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून संपूर्ण संस्थेला ईमेल पाठवला. खाली फक्त 'संस्थापक अध्यक्ष'. नाव टाकलं नाही. पद बोलतं तेव्हा नावाने मध्ये बोलू नये.

माझी स्वतःची नोंद मी थेट आतून केली. संस्थापकाने फॉर्म भरायचा नसतो. सदस्य क्रमांक १.

सकाळी ११.०५: पहिला हल्ला. कुणीतरी एकाच कॉम्प्युटरवरून आधी 'सॉफ्टवेअर डेव्हलपर' लिहिलं, मग 'सॉफ्टवेअर अभियंता', आणि तिसऱ्यांदा चक्क 'भूकंपाचे प्रोग्रॅम मीच लिहितो हो'. बेरकी आहे. व्यवस्थेने त्याला तिथल्या तिथे उचलून बाहेर टाकला. माझी छाती दोन इंच फुगली.

संध्याकाळी ५: एकूण हल्ले सहा. सदस्य एक.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हल्ले चौदा. सदस्य एक.

मातीवालीने विचारलं, सर, किती झाले? मी म्हटलं, प्रतिसाद प्रचंड आहे, फक्त योग्य माणसांकडून यायचा आहे. ती म्हणाली, मीसुद्धा भरून पाहिला, लाल अक्षरं येतात आणि मग पान उघडतच नाही. मी म्हटलं, लाल अक्षरं म्हणजे सुरक्षा चालू आहे. ती म्हणाली, मग मी वहीच घेऊन फिरू का? मी तिला प्रेमाने सांगितलं की दोन याद्या झाल्या की घोळ होतो, हे तिच्यासारखीला मी शिकवायला नको. ती गेली. जाताना म्हणाली, सासूबाईंना सांगून ठेवलंय की एप्रिलपासून बहुतेक घरीच असेन. मी म्हटलं, असं काही बोलू नकोस, मी आहे ना.

आहेच मी.

१० फेब्रुवारी

लोगोचं काम. दुर्बीण, तिच्यात एक दातेरी चाक, चाकात उगवतं रोप. कन्येला दाखवला, ती अकरा वर्षांची आहे. म्हणाली, बेडूक छान आहे. पुन्हा काढला. आता म्हणते बेडूक लठ्ठ झाला. कलेच्या बाबतीत घरच्यांना विचारू नये.

शाळेत तिला वडील काय करतात ते पाच ओळींत लिहायचं होतं. तिने लिहिलं, बाबा तळघरात बसतात आणि प्रोग्रॅम बंद पडला की लोक त्यांना फोन करतात. बाकीच्या तीन ओळी आईवर. महामंडळ उभं राहिलं की त्या ओळी बदलतील.

१७ फेब्रुवारी

हल्ले तेवीस. आता हल्लेखोर जास्त चलाख झालेत. एकाने पदाच्या जागी लिहिलं, 'तुमच्या फॉर्ममध्ये चूक आहे'. गोड बोलून विश्वास संपादन करायचा आणि मग आत शिरायचं, ही जुनी युक्ती. ब्लॉक. दुसऱ्याने लिहिलं, 'माझा एक्स्टेंशन २१६, एकदा फोन कराल का'. काय धिटाई. ब्लॉक.

सगळ्यात धक्कादायक म्हणजे सगळे हल्ले संस्थेच्या आतूनच होतायत. एकही बाहेरचा नाही. कुणाला तरी आपण संघटित झालेले नको आहोत. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, आत म्हणजे तुमच्याच ऑफिसातले? मग जाऊन विचार ना त्यांना. मी म्हटलं, हल्लेखोराला विचारत नसतात. ती म्हणाली, बरं, भाजी निवडून दे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कँटीनच्या रांगेत माझ्या पुढे भूकंप लॅबचा एक दाढीवाला होता. मागे एकदोनदा जिन्यात दिसलाय. सोबतच्याला सांगत होता की कुठलासा फॉर्म त्याला काही केल्या आत घेत नाही, तीन वेळा भरला, वर चोर ठरवला. मला त्याची दया आली. प्रशासनाचे फॉर्म असेच असतात, माणूस कधी विचारातच घेत नाहीत. त्याला आमच्या महामंडळाबद्दल सांगावं असं मनात आलं, पण तेवढ्यात माझा नंबर आला.

हल्ले एकतीस. सदस्य एक.

१ मार्च, रविवार

खरं सांगायचं तर थोडी काळजी वाटते. पंचवीस नावं हवीत आणि पंधरा दिवस राहिलेत. पण घाबरून दर्जा खाली आणणं मला जमणार नाही. अटी सैल करायचा विचार पाच मिनिटं केला आणि सोडून दिला. आज अट सोडली, उद्या माळी अध्यक्ष होईल.

बायको म्हणाली, तू प्रत्यक्ष कुणाला भेटलास का एकदा तरी? मी म्हटलं, प्रत्यक्ष भेटलं की पक्षपात होतो. तिने डोक्याला हात लावला. मग म्हणाली, मला माझ्या बारा जणींपैकी प्रत्येकीचे गुडघे ठाऊक आहेत, तुला तुझ्या माणसांचं काय ठाऊक आहे? यात गुडघ्यांचा काय संबंध ते कळलं नाही. व्यावसायिक लोक कुठलीही गोष्ट शेवटी आपल्या धंद्यावर आणतात.

संकल्प: उद्या किमान एका माणसाला प्रत्यक्ष भेटायचं.

२ मार्च

भेटायला निघालो होतो. लिफ्ट बंद होती.

९ मार्च

लोक उदासीन आहेत, हाच निष्कर्ष. ज्यांच्यासाठी रक्त आटवावं त्यांना स्वतःच्या हिताची पडलेली नाही. सव्वा महिन्यात एकाही खऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला फॉर्म भरावासा वाटला नाही. उलट हल्ले सदतीस. त्यातला एकही यशस्वी झाला नाही, ही गोष्ट मात्र नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

मातीवालीने तिच्या प्रोग्रॅमची माहितीवही लिहायला घेतलीय, पुढच्या माणसाला समजावं म्हणून. एकशे दहा पानं झाली. मी तिला म्हटलं, कशाला घाई करतेस. ती म्हणाली, सर, मी गेल्यावर सगळे कुणाला विचारणार? नऊ लॅब आहेत. तिच्या आवाजात चीड नव्हती, त्यामुळे मला जास्त अवघडल्यासारखं झालं.

१३ मार्च, शुक्रवार

सोमवारची मुदत, पण मी तीन दिवस आधीच 'स्थापना अहवाल' संचालकसाहेबांकडे पोचवला. बावीस पानं. वर लोगो. प्रकरण सहा, सदस्यत्व: एक, पण भक्कम. प्रकरण सात, सुरक्षा: सदतीस हल्ले परतवले, तपशील परिशिष्टात. प्रकरण सातवर विशेष मेहनत घेतली आहे. संख्या कमी असली तरी पाया मजबूत आहे, हे साहेबांसारख्या जाणत्या माणसाला कळेलच.

घरी येऊन दोन तास झोपलो. कर्तव्य केल्यावर चांगली झोप लागते.

१६ मार्च, सोमवार

साहेबांचं उत्तर आलं. माझ्याकडे नाही, मातीवालीकडे. तीच घेऊन खाली आली.

चार ओळी आहेत. अहवालावरून असं दिसतं की संस्थेत या प्रकारचं काम करणारी एकच व्यक्ती संघटित आहे. सबब कायमच्या पदाची निकड आढळत नाही. माती प्रयोगशाळेचं काम १ एप्रिलपासून दुर्बीण विभागाच्या तांत्रिक सहायकांकडे द्यावं, अहवालाची लांबी पाहता त्यांच्याकडे वेळ असावा असं वाटतं.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. ती समोर उभी होती. माझ्या खोलीत दुसरी खुर्ची नाही, एकोणीस वर्षांत कधी लागली नव्हती. मी म्हटलं, मी साहेबांशी बोलतो. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, लोकच आले नाहीत तर मी काय करणार. ती म्हणाली, हो ना. आणि ती एकशे दहा पानांची वही तिने माझ्या टेबलावर ठेवली. आता ती माझ्यासाठी आहे.

चिडली असती तर बरं झालं असतं. मी तिचं नुकसान केलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने म्हणायला आज जमलं नाही.

१७ मार्च

सकाळी साडेनऊला मातीवाली पुन्हा आली. म्हणाली, सर, तुमच्या अहवालाचं परिशिष्ट बघू. मला बरं वाटलं. प्रकरण सातमध्ये रस घेणारी ती पहिलीच.

परिशिष्टात प्रत्येक हल्ल्याची वेळ, हल्लेखोराने लिहिलेले शब्द आणि कॉम्प्युटरचा नंबर आहे. संस्थेत प्रत्येक कॉम्प्युटरवर नंबराचं स्टिकर असतं. नऊ लॅबमध्ये ओलाव्याचा प्रोग्रॅम ती स्वतः बसवून आली आहे, त्यामुळे नंबर तिला तोंडपाठ.

उभ्या उभ्या तिने वाचायला सुरुवात केली. पहिला, हा भूकंप लॅबचा दाढीवाला. दुसरी, हवामानाची, जिच्या प्रोग्रॅमवर रोजचा अंदाज निघतो. तिसरा, कीटकांचे फोटो मोजणारा. चौथी, पाण्याची. नंतर एक नंबर आला तिथे ती थांबली आणि म्हणाली, हा सातवा हल्ला मी केलाय.

मग तिने फॉर्मच्या दोन अटी विचारल्या. मी सांगितल्या. तिने विचारलं, सर, आस्थापनेच्या यादीत सॉफ्टवेअर शब्द असलेली पदं किती? मी यादी उघडली. शोधलं. पुन्हा शोधलं.

शून्य.

मी म्हटलं, दोन्ही अटी आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यावर ती खाली बसली, जमिनीवरच, आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. खूप वेळाने डोळे पुसून म्हणाली, आपलं पदच यादीत नाही म्हणून तर हे सगळं सुरू केलं होतं ना सर?

परिशिष्टाची प्रिंट काढून ती निघाली. मी म्हटलं, ती गोपनीय आहे. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

१८ मार्च

ती लॅब-लॅब फिरतेय. माझ्या डेटाच्या आधारे, हे नमूद करणं भाग आहे. दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर सहज गेलो होतो. ती म्हणाली, आलाच आहात तर हे पॅड धरा.

पॅड धरून अकरा ठिकाणी गेलो. सगळीकडे एकच चित्र. मोठी लॅब, खिडकीजवळ शास्त्रज्ञ, आणि मागे कपाटाच्या आडोशाला भिंतीकडे तोंड करून एक जण. कुणी मूळचा जीवशास्त्राचा, कुणी भूगोलाची. एकदा कॉम्प्युटर दुरुस्त करून दिला आणि तिथेच अडकले. पाण्याच्या लॅबमधल्या बाई बावीस वर्षं अडकल्यात. मातीवालीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, आणखी कुणी आहे हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं मी एकटीच. मी पॅडकडे बघत राहिलो. माझ्या बरोबर डोक्यावर, दोन मजले वर, इतकी वर्षं बसतात त्या. मग मी पेनाचं टोपण शोधायला लागलो.

मी कोण हे कुणी विचारलं नाही. पॅड धरणारा असतोच कोणीतरी.

२० मार्च, शुक्रवार

सदतीसच्या सदतीस सह्या. पदाच्या रकान्यात ज्याला जे वाटलं ते त्याने लिहिलंय. मातीवाली कागद घेऊन साहेबांकडे गेली, मी बाहेर बाकावर. साहेबांनी म्हणे सगळी नावं मोजली, मग आठ-दहा जणांना फोन लावून खात्री केली, मग विचारलं, हे आधी का नाही आलं? ती म्हणाली, तांत्रिक अडचण होती. एवढंच. माझं नाव घेतलं नाही.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, माझं चुकलं. बोललो एकदाचा. ती म्हणाली, मंगळवारी मंडळाची बैठक आहे, तोवर मला काही सुचणार नाही, आपण नंतर बोलू.

२४ मार्च, दुपारी ३.४०

पद मंजूर. एकच, पण कायमचं, आणि ते तिला. यादीतलं दोनशे तेरावं पद.

तिने वरून फोन केला. आधी नवऱ्याला, मग सासूबाईंना, मग मला. तिसरा नंबर वाईट नाही. फार बरं वाटलं. उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, खोली लहान असल्यामुळे त्या सहा झाल्या.

बायकोला सांगितलं, शेवटी महामंडळाने करून दाखवलं. ती म्हणाली, हो का.

२६ मार्च, गुरुवार

चारला पँट्रीत चहा. दारावर मातीवालीची चिठ्ठी. मी घटनेच्या चाळीस प्रती आणि चौदा मिनिटांचं भाषण घेऊन गेलो होतो. खुर्च्या कमी पडल्या, लोक ओट्यावर बसले. अध्यक्षांसाठी काही व्यवस्था दिसली नाही, फ्रिजजवळ उभा राहिलो.

ओळख करून द्यायची वेळ आली. दाढीवाल्याने सुरुवात केली. म्हणाला, मी भूकंपाचा, आणि मला त्या फॉर्मने तीनदा हाकललं. सगळी खोली हसली. मग प्रत्येक जण तेच सांगायला लागला. हवामानवाली म्हणाली, मी रागाने घोड्यांची देखभाल असंही लिहून पाहिलं, तरी घेईना. एक्स्टेंशन २१६ वाला अजून फोनची वाट बघतोय. कीटकवाल्याने फॉर्मची नक्कल करून दाखवली. पाण्याच्या बाई हसून हसून पाणी मागायला लागल्या. एकमेकांना आयुष्यात पहिल्यांदा भेटलेली माणसं, पण दहा मिनिटांत जुन्या ओळखीची वाटायला लागली. संघटना बांधायला काहीतरी समान लागतं, हे घटनेच्या प्रस्तावनेत मीच लिहिलंय.

मग कुणीतरी विचारलं, पण तो संस्थापक अध्यक्ष कोण होता हो? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मातीवाली कपात बघत होती. भाषणाचे कागद माझ्या हातात होते.

मी म्हणालो, असेल कुणी रिकामटेकडा.

सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला. दाढीवाल्याने सरकून मला ओट्यावर जागा दिली. विचारलं, तुम्ही कुठले? म्हटलं, दुर्बिणीचा, तळघरात बसतो. म्हणाला, मग ते चित्रं साफ करणारं तुमचं काय? आमच्याकडे आठ वर्षं वापरतात, फार सुंदर लिहिलंय, कुणी लिहिलं ते कळत नव्हतं. मी चहा घेतला. गार झाला होता, तरी घेतला.

उठताना ठरलं की तो फॉर्म कुणीतरी दुरुस्त करावा, म्हणजे यादी ठेवायला सोयीचं. मातीवाली म्हणाली, सर करतील. एकमताने मंजूर. मी म्हटलं, गुंतागुंतीचं काम आहे, तीन आठवडे लागतील.

घटनेच्या प्रती परत आणल्या. चाळीसच्या चाळीस.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी ९.१०: दुरुस्ती सुरू.

सकाळी ९.१४: झाली. दोन्ही अटी काढल्या, पदाची सक्ती काढली, सदतीस जणांना मोकळं केलं. आत सदस्य क्रमांक १ म्हणून जी नोंद होती ती कुणी बघायच्या आत पुसून टाकली. सगळ्यांना कळवलं की फॉर्म चालू आहे. सही नुसत्या नावाने केली.

तेवढ्यात प्राध्यापकबाईंचा फोन. त्यांचा प्रोग्रॅम जानेवारीपासून बंद आहे, त्या आज ओरडल्या. वर जाऊन दुरुस्त करून आलो.

दुपारी २.३०: खाली येऊन बघतो तर नोंदणी सदतीस.

मग मी स्वतः फॉर्म भरायला बसलो. नाव लिहिलं. पदाच्या चौकटीत आता काहीही लिहिता येतं. तांत्रिक सहायक लिहिलं, खोडलं. संस्थापक लिहायला घेतलं, दोन अक्षरांवर थांबलो. सॉफ्टवेअर अभियंता लिहिलं, बरं दिसत होतं, पण एकोणीस वर्षांत मला कुणी त्या नावाने हाक मारलेली नाही, म्हणून तेही खोडलं. वीस मिनिटं त्या चौकटीकडे बघत होतो. शेवटी ती रिकामीच सोडली आणि बटण दाबलं.

अर्ज स्वीकारला. सदस्य क्रमांक ३८.